सात वेशींचे दूध

पूर्वी त्रेतायुगाच्या उतरत्या काळी, देवदारूंच्या छायेत जिथे वाघही पाणवठ्यावर हरिणांना वाट देत, त्या पैंगल ऋषींच्या आश्रमात शुभदा नावाची कामधेनू नांदत होती. डोंगराच्या पायथ्याच्या शाल्मल देशात अन्नावाचून बालके खुंटू लागली, तेव्हा त्या तपोनिधीने तिची प्रार्थना केली, आणि तिचे बलबुद्धिवर्धक दूध रोज एका सुवर्णकलशातून खाली निघू लागले.

मार्गात सात वेशी होत्या. राजा सुवर्चसाची आज्ञा एवढीच, की कलश काठोकाठ भरलेला दिसल्यावाचून वेशपालाने तो पुढे सोडू नये. पहिल्याने प्रसाद म्हणून तांब्याभर काढले आणि उणे दिसू नये म्हणून ओढ्याचे पाणी ओतले. दुसऱ्याला ते कळले. त्याने दोन तांबे काढले. सातव्या वेशीवर कलश काठोकाठच होता, आणि वेशपालांची मुले हत्तीच्या पिलांसारखी दांडगी झाली होती.

शाल्मलात भद्रिका नावाची विणकरीण होती. तिची शफरी पाच वर्षांची झाली तरी दोन वर्षांची दिसे. हाक मारली तर क्षणभर उशिरा मान वळवी, आणि त्या एका क्षणात भद्रिकेचा माग थांबे.

एके सकाळी लोट्यातले दूध घेऊन ती सातव्या वेशीचा वेशपाल विकट याच्यापुढे उभी राहिली.

"दादा, दूध म्हणतात ते हेच का? सुताला लावायच्या माझ्या खळीचं पाणी याहून पांढरं असतं."

विकट हसला. "कलश भरलेला आहे ना, बाई? सहा वेशपालांना दिसलं नाही ते तुला बरं दिसलं!"

"त्यांच्या पोरांकडे बघूनच दिसलं."

तिने शफरीला पाठीशी बांधले आणि सातही वेशी चढून ती आश्रमात पोचली. लोट्यातला थेंब जिभेवर ठेवला मात्र, पैंगलांचे नेत्र आरक्त झाले.

"अरे अधमांनो! पात्र भरलेले दाखवून बालके रिती ठेवलीत. पाषाण व्हा!"

सातही वेशपाल जागच्या जागी शिळा झाले. भद्रिकेने मागे वळूनही पाहिले नाही.

"झाल्या शिळा. माझ्या पोरीचं काय, महाराज?"

शुभदेने शफरीला चाटले, आचळाशी घेतले. मग ती बोलली, "माते, मागून येणारी बालके वाढतील. वाढीचा पाया घालणारी पहिली वर्षे हिची मात्र सरली. सागर मी दुधाने भरून देईन. गेलेली वर्षे मला देता येत नाहीत."

"कामधेनू म्हणवता ना?" भद्रिका ओरडली. "मग एवढं एकच मागते मी!"

गायीने शफरीला पुन्हा एकदा चाटले.

राजाने वेशी पाडल्या. निर्मळ दूध येऊ लागले. शफरीचे वय वाढले, ती वाढली नाही. तिच्या बरोबरीची अवघी पिढी तशीच राहिली. त्यांनी घरे बांधली ती आपल्या उंचीची. पुढे त्यांची मुले ताडमाड झाली. म्हणून शाल्मल देशात दारे बुटकी असतात, आणि आईला भेटायला जाणाऱ्या लेकाला कंबरेतून वाकून आत शिरावे लागते.