देवाचा भार

"आबा, गुडघा धरलाय माझा. म्हंजी आता मी गादीला लायक झालो न्हवं?"

मायाप्पाने हे सिदूआबांना मोठ्या आनंदाने विचारलं. सुजलेला गुडघा तो लग्नातल्या नव्या पटक्यासारखा मिरवत होता.

माळावरच्या त्या धनगरी मठाची रीतच तशी होती. गादीवरच्या माणसाने आणि त्याच्यामागून गादीवर बसणाऱ्या चेल्याने शेळीचं दूध कच्चंच प्यायचं, त्याला चुलीची आच लागू द्यायची नाही. आणि गादीवर बसलेला प्रत्येक जण पुढे कमरेतून वाकायचा. लोक म्हणायचे, देवाचा भार पडला. त्या वाकलेल्या कमरेच्या पाया पडायला माणसं लांबून यायची. सिदूआबाही आयुष्यभर कण्हत पाया पडून घेत आले होते. आता त्यांना त्याचा अगदी वीट आला होता.

"ताप येतो?"

"सांजंला येतो. घाम फुटला की उतरतो. तुमास्नीबी असाच यायचा म्हनं!"



"म्या तालुक्याला रगत दावून आलो, मायाप्पा. डाक्टरीणबाई म्हनली, ह्यो शेळ्यांचा रोग हाय. शेळ्यांचा गाभ ज्यानं पडतो, त्योच. कच्च्या दुधातनं मानसात येतो आन् सांध्यात बसतो. देवाचा भार-बिर काय न्हाई. उद्या तूबी जा. लई दिस गोळ्या खाव्या लागतील, पर तुझं दुखनं अजून कवळं हाय."

मायाप्पाचा चेहरा खर्रकन उतरला.

आबा भिंतीला धरून कसेबसे उठले. सकाळच्या धारेची चरवी त्यांनी उचलली आणि चुलीवर ठेवली. मायाप्पाने मान फिरवली. मठात असलं काही बघायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"आबा... तुमच्या गुरूंचीबी कंबर वाकल्याली."

"व्हय. शेवटी त्यास्नी कूस बदलता येत नव्हती. रडायचे. आमी भवतीनं बसून भजन म्हनायचो."

दूध उकळलं. आबांनी चरवी खाली उतरवली.

मायाप्पाचे डोळे भरून आले होते. तो एकदम चिडून म्हणाला, "मग तुमी येवढी वर्सं सोसलं, ते समदं वाया गेलं म्हना की!"

आबांनी वाटीत दूध ओतलं. वाटी त्यांनी त्याच्यापुढे धरली.

"पी. म्हंजी न्हाई गेलं."