मेघोदराची रेघ

कृतयुग संपून त्रेतायुग नुकतेच लागले होते. धर्म चार पायांवरून तीन पायांवर आला होता आणि त्याला अजून लंगडण्याची सवय झालेली नव्हती. त्या काळी विंध्याच्या दक्षिणेस मेघोदर नावाचे एक महासरोवर होते. त्याच्या काठी कदंब, अर्जुन आणि वेतसांची दाट राई, राईत महर्षी तौलायनांचा आश्रम, होमधुराला छेदीत जाणाऱ्या सारसांच्या माळा, कमळवनात चक्रवाकांचे कूजन आणि उथळ पाण्यात ऊन खात पडलेली परातीएवढी कासवे, असे ते वैभव होते. त्याची रखवाली शैवला नावाच्या यक्षिणीकडे होती. सरोवर जन्मले तेव्हाच तीही जन्मली होती, आणि पाण्यात कोणी पाय बुडवला तरी तो तिला आपल्या अंगावर कळत असे.

या रखवालीसाठी जलाधिपती वरुणाने तिला एक वर दिला होता आणि वराला एक अट बांधली होती. सरोवराच्या मध्यभागी पाषाणाचा एक स्तंभ उभा होता. वरुण म्हणाला, "शैवले, या स्तंभावर ऋषी एक रेघ कोरतील. पाणी त्या रेघेला शिवत आहे तोवर कोणी कितीही पाणी नेले तरी तू हात उचलायचा नाहीस. पाणी रेघेखाली गेले की मात्र तू मोकळी. मग समोर राजा असो की ऋषी, ओंजळीत पाणी घेऊन तू जो शाप देशील, तो मी व्यर्थ जाऊ देणार नाही."

"आणि रेघच चुकीची कोरली तर, प्रभो?"

वरुण मनापासून हसला. "अगं, ऋषी आहेत ते!"

देवांचा वडीलधाऱ्यांवर असा विश्वास असतो. त्यांना त्यांच्या शेजारी राहावे लागत नाही.

पुढे त्या भूमीवर पृथुकेतू नावाचा राजा झाला. तो दुष्ट नव्हता. उलट फार हसतमुख, ब्राह्मणांना वाकून नमस्कार करणारा, दानाला हात सैल असलेला असा होता. त्याने सहस्र वर्षे चालणाऱ्या यज्ञाचा संकल्प सोडला. यज्ञाला पाणी हवे, यज्ञाला जमणाऱ्यांना पाणी हवे, त्यांच्या गाईंना हवे, गाईंच्या चाऱ्याला हवे, आणि मग उसाच्या मळ्यांनाही हवेच. राजा आश्रमात आला, हात जोडून म्हणाला, "रेघ कुठे कोरायची ते परिषदेने ठरवावे. मी आज्ञेबाहेर नाही."

परिषदेत सगळे वृद्ध. त्यांत रोहिषा नावाची एकच तरुण ब्रह्मवादिनी होती. मासे कधी अंडी घालतात, कासवे कोणती वाळू उकरतात, कमळांचे कंद किती खोल जातात, हे पाहण्यातच तिचे वय गेले होते. ती स्तंभापर्यंत पोहत गेली आणि तिने बुडी मारून गेरूची दोन बोटे उमटवली, एक वर, एक बरेच खाली.

"वरच्या खुणेपर्यंत पाणी राहिले तर सरोवर जगेल," ती म्हणाली. "खालच्या खुणेखाली गेले तर कंद उघडे पडतील आणि सरोवर मरेल. मधले मला ठाऊक नाही."

तौलायनांनी दाढीवरून हात फिरवला. "मधले ठाऊक नाही, म्हणतेस?"

"नाही."

"म्हणजे मध्ये धोका आहे, हे तू सिद्ध करू शकत नाहीस."

"धोका नाही, हे तुम्ही सिद्ध करू शकता का?"

"मुली, प्रश्न विचारण्याचा अधिकार परिषदेचा आहे."

राजाचा चेहरा उजळला. "मग खालची रेघच शास्त्रशुद्ध, नाही का महर्षी? तिच्याच तोंडचे वचन आहे!" सगळ्या पांढऱ्या दाढ्या एकदम हलल्या. यज्ञाच्या दक्षिणेत आश्रमाला कोणकोणत्या कुरणांच्या गाई येणार, याची बोलणी आदल्याच दिवशी झाली होती. पण तो विषय कोणी काढला नाही. अशा वेळी तो काढायचा नसतो, हे वृद्धांना शिकवावे लागत नाही.

रोहिषेने आपले दर्भासन गुंडाळले. "मी तुम्हाला कडा कुठे आहे ते दाखवले, आणि तुम्ही तिथेच बैठक अंथरलीत," ती म्हणाली. "दाढ्यांना नमस्कार. त्यांच्या मागच्या माणसांना नाही."

"विद्या अर्धवट टाकून जाणाऱ्याला गती नसते," तौलायन गंभीरपणे म्हणाले.

"तुमची पूर्ण झाली आहे. ती बघतेच आहे मी."

ती गेली. पाण्याखाली बसून शैवलेने हे सर्व ऐकले आणि मनाशी म्हटले, खालची तर खालची. तिच्याही खाली गेले की मग माझी ओंजळ आहे.

खालच्या खुणेवर रेघ कोरली गेली. कालवे खणले गेले. पाणी उतरू लागले. शैवलेला ते अंगातून कोणी दोरा ओढून काढावा तसे जाणवत होते. सारस सर्वांत आधी गेले. मग एका उन्हाळ्यात पाणी रेघेच्या काठाला येऊन थरथरू लागले. शैवला सरोवरातून उठली. तिचे केस शेवाळासारखे मोकळे, डोळे विजेसारखे, ओंजळ पाण्याने भरलेली. शाप तिच्या जिभेवर आला होता.

तेवढ्यात काठावरून नाव आली. नावेत परिषद बसली होती. तौलायनांच्या हातात छिन्नी होती. वेदघोष झाला, अक्षता पडल्या आणि महर्षींनी जुन्या रेघेच्या हातभर खाली नवी रेघ कोरली. पाणी त्या रेघेच्या कितीतरी वर होते. शैवलेचा हात हवेतच थांबला. वरुणाची अट होती. ओंजळीतले पाणी बोटांच्या फटींतून गळून गेले.

"महर्षी!" ती गरजली. "सरोवर मरते आहे, आणि तुम्ही खूण हलवता?"

"यक्षिणी, शांत हो," तौलायन नातीला समजवावे तसे म्हणाले. "ज्ञान स्थिर नसते. ज्ञान वाढले की रेघ बदलते."

"मग ती वर का नाही बदलत?"

यावर नावेत थोडी कुजबुज झाली आणि नाव परतली.

त्या युगात माणसे फार जगत, म्हणून चुकाही फार टिकत. जेव्हा जेव्हा पाणी रेघेपाशी आले, तेव्हा तेव्हा नाव आली आणि छिन्नी वाजली. दुसऱ्या खेपेला शैवला ओरडली. तिसऱ्या खेपेला तिने नुसते पाहिले. पुढे तिच्या उचललेल्या दंडाला मुंग्या येऊ लागल्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. परिषद मात्र दर चातुर्मासात काठावर भरत असे. सारस तीर्थयात्रेस गेले असावेत, असे एकाने मांडले. पाणी उतरलेले नसून काठ वर आला आहे, असे दुसऱ्याने सिद्ध केले, आणि त्याला शाल मिळाली. शैवला ऐकत असे. आधी तिला या बोलण्याचा संताप येई, मग हसू येई, मग ते वाऱ्यासारखे कानांवरून जाऊ लागले. कमळांचे कंद उघडे पडले आणि उन्हात तडकले. तो आवाज तिने ऐकला. तिला काहीच वाटले नाही. काही वाटत नाही, हेही तिला पुष्कळ उशिराने कळले.

शेवटी रेघ स्तंभाच्या तळाला टेकली. तिच्याखाली कोरायला दगड उरला नाही. एके दुपारी शेवटचे डबके रेघेपासून सुटले, आकसले आणि दिसेनासे झाले. मेघोदराच्या जागी पांढऱ्या मिठाचे पठार उरले.

अट सुटली. शैवला मोकळी झाली. ती स्तंभाला टेकून नुसती बसली होती. मिठावरून करकर पावले वाजवीत तौलायन, परिषद आणि पृथुकेतू राजा आले आणि सर्वांनी तिच्यासमोर मस्तक टेकवले.

"देवी, आम्हाला शाप दे," तौलायन म्हणाले.

शैवलेने मान वर केली.

"शाप असला की उःशाप असतो," महर्षी घाईघाईने सांगू लागले. "कुठल्याशा युगात कुणी पुण्यात्मा येईल, त्याचा पाय लागेल, पाणी पुन्हा भरेल. पण तू शाप दिला नाहीस, तर हे असेच राहील!"

"शिवाय लोक विचारतात," राजा खालच्या आवाजात म्हणाला. आता तो हसत नव्हता. "यक्षिणीच्या कोपाने सरोवर आटले, असे सांगता तरी येईल."

शैवलेने ओंजळ पुढे केली. "पाणी द्या."

शाप ओंजळीत पाणी घेऊन द्यायचा असतो. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. तौलायनांनी आपला कमंडलू उलटा करून हलवला. राजाने डोळे चोळून पाहिले. तेही कोरडे होते.

तेव्हा पठाराच्या कडेने कोणी चालत येताना दिसले. ती रोहिषा होती. केस पांढरे, खांद्याला भोपळा. दूरच्या डोंगरातला एक झरा तिने राखला होता. तिने भोपळ्यातले पाणी शैवलेच्या ओंजळीत ओतले.

"दे!" तौलायन आनंदाने ओरडले. "देवी, दे!" सगळ्या वृद्धांनी माना पुढे केल्या.

शैवलेने ओंजळीकडे पाहिले. एवढेच पाणी. तिने राग शोधला, जिथे तो असायचा तिथे. तिथे काही नव्हते. स्तंभाच्या सावलीत चिखलाच्या तडकलेल्या खपल्यांमध्ये एक कासव अडकले होते. त्याची मान बाहेर लोंबत होती. ते जिवंत आहे की नाही, हे कळत नव्हते. शैवलेने ओंजळ त्याच्यावर रिकामी केली. दया म्हणून नव्हे. हात तिकडे वळला, एवढेच.

"अगं, हे काय केलंस!" महर्षी मटकन खाली बसले.

कासवाने मान आत घेतली. रोहिषेने ते उचलले, रिकाम्या भोपळ्याशेजारी झोळीत घातले आणि ती आल्या वाटेने झऱ्याकडे निघाली. ते पुढे किती जगले, हे कोणी सांगत नाही. शैवला स्तंभाला टेकली आणि हळूहळू दगडाच्याच रंगाची झाली.

मेघोदराला शाप मिळाला नाही, म्हणून उःशापही नाही. कोणत्याही युगात, कोणाचाही पाय लागून ते भरायचे नाही. स्तंभ अजून आहे. त्याच्यावरच्या रेघा वरून खाली मोजता येतात. येणारे-जाणारे सर्वांत खालच्या रेघेला कुंकू लावतात, कारण हात तिथे सहज पोचतो आणि वर पाहायला मान दुखते. आणि भर दुपारी, वारा पडलेला असताना, त्या मिठावर एक पुटपुट ऐकू येते. ती परिषद आहे. ती अजून तिथेच बसून शापाची वाट पाहते आहे, आणि तोवर पुढची रेघ कुठे कोरता येईल, याची चर्चा करते आहे.