अध्यक्षांच्या कमरेच्या किल्ल्या

फार पूर्वी, डोंगरांमधल्या एका चिमुकल्या देशात राजा नव्हता. पाच गावं होती, मधोमध एक तळं होतं आणि तळ्यातून प्रत्येक गावाला एक पाट जात होता. दर पाच वर्षांनी सगळे मिळून एक अध्यक्ष निवडत. त्याचं काम इतकंच, की चौकातली घंटा वाजली की यायचं आणि सभा चालवायची. घंटा मात्र कोणीही वाजवावी.

एका वर्षी तळं फुटायची वेळ आली. पाणी कोणत्या पाटाने सोडायचं यावर गावांचं एकमत होईना. शेवटी पाटांच्या दारांची किल्ली त्यांनी अध्यक्षांच्या हाती दिली, पूर ओसरेपर्यंत. पूर ओसरला, पण किल्ली परत मागायचं कोणाला सुचलंच नाही. पुढे दुष्काळात धान्याच्या कोठाराची किल्ली तशीच गेली, मग दरोडेखोरांच्या भीतीने वेशीची. दर वेळी संकट खरं होतं आणि अध्यक्षही सज्जन होते, हे कबूल करायलाच हवं.

मग एक म्हातारी कुंभारीण अध्यक्ष झाली. पाच वर्षं तिने नेकीने कारभार केला. निरोपाच्या सभेत तिने कमरेचा जुडगा सोडून चटईवर ठेवला.

"या किल्ल्या आपापल्या गावी घेऊन जा," ती म्हणाली. "माझं निभावलं. पुढचा माणूस कसा निघेल, मला ठाऊक नाही."

तिच्याच गावचा एक रंगारी उभा राहिला. आजी उगाच घाबरतात, असं त्याने हसत सांगितलं. पुढचाही आपणच निवडणार ना, मग काळजी कसली? उलट कोणीही उठतो आणि कोंबडीच्या भांडणावरूनही घंटा बडवतो, त्याने कामाचा खोळंबा होतो. तेव्हा घंटेलाही कुलूप लावावं आणि तीही किल्ली अध्यक्षांकडेच द्यावी. सभेने टाळ्या वाजवल्या. हे सांगताना माझा आजही विश्वास बसत नाही, पण टाळ्याच वाजवल्या.

चटईवरचा जुडगा घंटेच्या किल्लीसकट नव्या अध्यक्षाच्या कमरेला गेला. तो गोड बोलणारा होता. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एकदा रंगाऱ्याने सहज विचारलं, की अध्यक्षांच्या बागेत पाणी दिवसभर कसं काय खेळतं? दुसऱ्या दिवशी त्याच्या गावाचा पाट कोरडा पडला.

आधी लोकांना वाटलं, दार अडकलं असेल. तिसऱ्या दिवशी रंगाऱ्याच्या हौदांत रंग वाळून तडकला, गोठ्यात गाय हंबरू लागली आणि त्याची लहानगी नात रिकाम्या घागरीत तोंड घालून बसली. तेव्हा तो घंटेकडे धावला. घंटेच्या दोराला हातभर साखळी होती आणि साखळीला कुलूप.

तो तसाच अध्यक्षांच्या दारात गेला. हा अन्याय आहे, असं त्याने सांगितलं. अध्यक्ष रागावले नाहीत. त्यांनी जुडगा पुढे धरला.

"यातली एक तरी मी चोरली आहे का, सांगा," ते शांतपणे म्हणाले. "सगळ्या तुम्ही दिल्यात. आणि ही शेवटची, ही तर तुमच्याच सांगण्यावरून."

रंगारी मागे फिरला. तो गावात परतला तेव्हा कुंभारीण आपल्या शेवटच्या मडक्यातलं पाणी त्याच्या नातीला पाजत होती. तो तिच्याजवळ बसला.

"आजी, त्या दिवशी तुम्ही आम्हाला ओरडून का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं बाबा," कुंभारीण म्हणाली. "तुम्ही हसलात."

तिने मडकं उपडं केलं. त्यातून एक थेंबही पडला नाही.

तात्पर्य: चांगल्या माणसाच्या हाती अधिकार देताना, उद्या त्याच जागी वाईट माणूस बसला तर काय होईल, हे आधी पाहावं, आणि त्याला जाब विचारायची घंटा तरी आपल्याच हाती ठेवावी.