वरचे दात नसलेली गाय

फार पूर्वी वेणुनगरात इंद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील एका सधन घराण्यात जन्मले होते. त्यांचे नाव पूर्णक. त्यांच्या गोठ्यात उदंड गाई होत्या, आणि दारी आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जात नसे.

त्याच नगरात कालसेन नावाचा एक म्हातारा राहत असे. उभा जन्म त्याने राजाच्या पागेत घोडे पारखण्यात घालवला होता. व्यापाऱ्यांनी घोडा कितीही खरारा करून आणावा, कालसेन त्याच्या तोंडात बोटे घालायचा आणि वय सांगून मोकळा व्हायचा. त्याचा अंदाज कधी चुकत नसे, आणि खोड लागली ती तिथूनच. मुलासाठी मुलगी पाहायला गेला तेव्हाही त्याने आधी तिला हसायला लावले होते. पागेतून निवृत्त झाला तरी जगात दाताशिवाय खरे बोलणारे काही नाही, हे त्याचे मत ढळले नव्हते.

त्याची ती सून नुकतीच बाळंत झाली होती. मुलगी झाली, पण सुनेला ताप भरला आणि अंगावरचे दूध आटले. नात रात्रंदिवस किंचाळू लागली आणि मग हळूहळू तिचे किंचाळणेही बारीक होत गेले. त्याची चिंता घराला लागली. कालसेनाची बायको सोमा त्याला म्हणाली, "अहो, पूर्णकांकडे जा. एक दुभती गाय मागा. मानाचं काय, ते पोट भरल्यावर बघू."

कालसेनाला मागणे जड जात होते. पण नातीचा आवाज ऐकवेना, म्हणून तो गेला. पूर्णकांनी त्याला शब्दही टाकू दिला नाही. नात झाल्याचे कळले आहे, एवढेच म्हणाले, आणि गोठ्यातली सगळ्यात गरीब स्वभावाची, नुकती व्यालेली तांबडी गाय वासरासह अंगणात आणवली.

त्या काळी दान नुसत्या तोंडाने होत नसे. घेणाऱ्याने ओंजळ पुढे करायची, देणाऱ्याने तीवर झारीतून पाणी सोडायचे, मग ती वस्तू घेणाऱ्याची. पूर्णक झारी घेऊन उभे राहिले. कालसेनाने ओंजळ पुढे केली. पाणी तोटीपाशी आले, आणि त्याने ओंजळ मागे घेतली.

"जरा थांबा," तो म्हणाला. "सवय आहे, दुसरं काही नाही."

त्याने गाईचा ओठ वर केला. वर पुढे एकही दात नव्हता. नुसती गुळगुळीत हिरडी.

वरचे दात पडलेला घोडा आयुष्यात त्याने दोनदाच पाहिला होता, आणि दोन्ही मरायला टेकले होते. कालसेनाला वाईट वाटले, मग राग आला. मागायला आलो म्हणून काय कुणीही काहीही गळ्यात मारावे?

"गृहपती," तो आवाज शक्य तितका शांत ठेवून म्हणाला, "ही गाय माझ्या आजीच्या वयाची आहे. हिचे वरचे सगळे दात पडलेत."

भोवती उभ्या गुराख्यांच्या गालांची चाळवाचाळव झाली. एकाने तर खांद्यावरचे फडके तोंडात कोंबले. गाईला पुढे वरचे दात नसतातच, तिच्या जन्मापासून नसतात, हे त्या अंगणात वासरालाही ठाऊक होते. पूर्णकांनी गुराख्यांकडे एकदा पाहिले आणि त्या सगळ्यांना नदीवरून गुरांसाठी पाणी आणायला पाठवून दिले. अंगणात त्या दोघांखेरीज कुणी उरले नाही.

मग ते म्हणाले, "गोठा उघडा आहे. तुमच्या मनास येईल तशा दातांची गाय निवडा, तीच तुमची. तोवर या गाईचं दूध काढून घरी पाठवू का? बाळ भुकेलं असेल."

"घेतली नाही त्या गाईचं दूध आमच्या घरी चालायचं नाही," कालसेन म्हणाला आणि गोठ्यात शिरला.

पहिल्या गाईच्या वर दात नव्हते. दुसरीच्याही नव्हते. तिसरीने त्याचा हात कोपरापर्यंत चाटून काढला. चौथी तर ऐन तारुण्यातली कालवड होती, तिच्याही वर सपाट. एवढा मोठा लबाड मनुष्य, सगळा गोठा म्हाताऱ्यांचा भरून ठेवला आहे, असे त्याच्या मनात आले. मग बैल पाहिला. बैलाने त्याला शेणात बसवले. शेणात बसल्या बसल्या समोर एक दूध पिऊन उड्या मारणारे वासरू दिसले. त्याचा ओठ त्याने अगदी हळू उचलला. वर काही नव्हते.

कालसेन तिथेच बसून राहिला. त्याचे कान तापले. घोड्यांशिवाय दुसऱ्या कुठल्याही तोंडात आपण कधी डोकावलो नाही, हे त्याला कळले, आणि पूर्णकांनी गुराखी का घालवले, तेही कळले. त्याला रडू येईलसे वाटले.

इकडे वाट पाहून थकलेली सोमा नातीला छातीशी धरून आली होती. झारी, गाय आणि मोकळे अंगण पाहून तिने काय ते ओळखले. काही न विचारता तिने आपलाच हात पुढे केला. "सोडा पाणी." पूर्णकांनी पाणी सोडले. धार काढली गेली, आणि कालसेन शेण झटकत बाहेर आला तेव्हा नात बोळ्याने दूध ओढीत होती.

"क्षमा असावी," पूर्णक त्याला म्हणाले. "तुम्हाला हवी तशी गाय मी देऊ शकलो नाही."

सोमाने कालसेनाकडे पाहिले आणि नातीचा ओठ बोटाने हळूच वर केला.

"बघा हो नीट," ती म्हणाली. "हिला वर नाहीत, खालीही नाहीत. फुकटच मिळाली आहे. परत करायची का?"

कालसेन इतका हसला की गाय बिचकली. गाईचे दावे त्याने स्वतः हातात घेतले आणि वाटेत भेटेल त्याला आपली फजिती आपणच सांगत घरी गेला. तेव्हापासून लोक म्हणू लागले, 'धर्माची गाय अन् दात का गं नाय?'

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, एका भिक्षूमुळे सांगितली. एका उपासिकेने विणून दिलेले चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, तो उन्हात धरून विणीतले दोष मोजीत होता. "तेव्हाचा कालसेन तूच," शास्ते त्याला म्हणाले. "हे चीवर विणणारी उपासिका तेव्हाची सोमा, आणि पूर्णक मी होतो." मग सगळ्यांकडे वळून ते म्हणाले, "गाय कुणीही देईल. ओठांवर आलेले हसू गिळून, दान घेणाऱ्याची लाज राखणे, ती क्षांती, ती खरी सहनशीलता."

भिक्षूने चीवर खाली घेतले आणि अंगावर पांघरले.