पेढ्याचे पूर्वाभिमुख घर

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, सांजवात लागली की शेजारणींना जमवून एक कथा सांगायची. त्या नेमातली ही कथा.

एका गावी एक वृद्ध स्थपती राहत असत. कितीतरी देवळे, धर्मशाळा, घरे त्यांच्या हातून उभी राहिली होती. आता दृष्टी मंदावली होती, म्हणून आखणी शिष्याकडून करून घेत. शिष्य चांगला कर्ता, संसारी माणूस, आणि हाताला मोठा सुबक.

गावातल्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याने पेठेतले दुकानामागचे घर सोडून या शिष्याकडून वेशीबाहेर बंगला बांधून घेतला. जुने घर अंधारे, पण त्याच्या मागच्या पायरीवर पेढ्या नावाचा तांबूस कुत्रा दिवसभर पडून असे. आत व्यापाऱ्याची आई पोळ्या लाटायची आणि त्याच्याशी बोलत राहायची. "सरक रे, पाय पडेल. आज भाजीत मीठ जास्त झालंय, तुला काय कळणार म्हणा!" पेढ्या एक डोळा उघडायचा, शेपटी आपटली की झाले.

बंगला झाल्यावर व्यापारी शिष्याला म्हणाला, "कुत्र्यालाही असंच घर हवं. हीच कमान, हीच कौलं, हाच रंग. येणाऱ्याजाणाऱ्याने थांबून पाहिलं पाहिजे."

"आणि दार?"

"बंगल्याचं पूर्वेला, तर त्याचंही पूर्वेलाच. कुत्र्याला काय वेगळं वास्तुशास्त्र असतं?"

शिष्याने जीव ओतून ते चिमुकले लाकडी घर घडवले. मागच्या भिंतीवर तर बंगल्यावरची वेलबुट्टी जशीच्या तशी कोरली. समोरच्या बागेत, रस्त्याकडे तोंड करून, घर बसले. पण पेढ्या आत जाईना. स्वयंपाकघराच्या पायरीवर जाऊन बसे, तर नव्या गुळगुळीत दगडाला डाग पडतात म्हणून त्याला हाकलत. त्या चिमुकल्या घरात बांधून ठेवला तेव्हा तो एकसारखा कण्हत राहिला. अन्नाला तोंड लावीना.

व्यापारी वैतागला. "वास्तुशांतीला सगळं गाव येणार. तोवर हा आत गप्प बसला तर बरं, नाहीतर मळ्यावर धाडतो."

त्या दिवशी आईंनी आपले ताट न जेवता तसेच झाकून ठेवले. शिष्याने ते पाहिले आणि तडक गुरूंकडे आला.

"गुरुजी, माप तसूभर हुकलं नाही हो. मग चुकलं काय?"

गुरू काठी टेकत आले. पेढ्याच्या घरापुढे कष्टाने खाली बसले आणि डोके आत घालून बराच वेळ तसेच राहिले.

व्यापारी हसला. "गुरुजी, राहायला येताय की काय?"

"तुमच्या बंगल्यापेक्षा इथे वारा बरा आहे," गुरू आतूनच म्हणाले. मग बाहेर येऊन शिष्याला म्हणाले, "करवत आण. मागची भिंत काप."

"गुरुजी, हीच तर सगळ्यात सुबक बाजू!"

"म्हणूनच तुझ्या हाताने काप."

शिष्याने ओठ दाबून करवत चालवली. वेलबुट्टीची पाने भुशासारखी खाली पडू लागली. व्यापारी ओरडला, "अहो, पश्चिमेला दार? सगळी शोभा गेली की!"

भिंत मोकळी झाली आणि समोर स्वयंपाकघराचे बागेकडचे दार दिसू लागले. दारात आई तांदूळ निवडत बसल्या होत्या. गुरूंनी पेढ्याची दोरी सोडली. तो घराभोवती हुंगत फिरला, कापलेल्या बाजूने आत शिरला, वळला आणि हनुवटी पंजांवर ठेवून दाराकडे बघत पडला.

"आलास का रे?" तिकडून आवाज आला. "शेपूट आत घे, ऊन आहे."

पेढ्याने डोळे मिटले.

गुरू म्हणाले, "बाबांनो, तुम्ही बंगल्याकडे पाहून याचं घर केलंत. याचं घर पेठेतच झालं होतं. तिथे कमान नव्हती, वेलबुट्टी नव्हती. एक पायरी होती, आणि पायरीवरून दिसणारं माणूस होतं. तुम्ही सूर्याकडे तोंड करून दिलंत, पण त्यामुळे याची पाठ आईंकडे झाली. ज्याच्या सावलीत वाढलो त्याचा चेहरा जिथून दिसतो, त्या जागेला मुका जीव घर म्हणतो. माणूसही तेच म्हणत असे. मोठी घरं बांधता बांधता विसरतो, एवढंच."

व्यापाऱ्याने दारातल्या आईकडे पाहिले. पेठेत तो चुलीशेजारी पाट टाकून जेवत असे. आई तव्यावरची पोळी थेट ताटात वाढायची. इथे आल्यापासून त्याचे ताट वर, रस्त्याकडच्या दिवाणखान्यात जात होते.

तो स्वयंपाकघराच्या पायरीशी गेला. चपला काढल्या.

"आई, पाट कुठे आहे गं?"

"पाट? कशाला रे?"

"आज इथेच वाढ."

आईंनी तांदळाचे सूप बाजूला सारले. "बस. पोळ्या गरम आहेत," म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपले. भुसा गोळा करता करता शिष्य ते पाहत होता. कोरलेली भिंत गेल्याचे त्याला आता वाईट वाटत नव्हते.

बायांनो, आज जेवायला बसताना एवढे करा. घरातल्या ज्या माणसाकडे कितीतरी दिवसांत निवांत पाहिले नाही, त्याच्यासमोर आपले ताट मांडा.