श्रेणिकचं पेडल

"पण त्यानं ट्रान्झिस्टर कुठला घातला होता, एवढंच सांगा ना."

दस्तगीर वस्तादांनी मान वर केली नाही. मिरजेतल्या आपल्या लहानशा दुकानात ते एका जुन्या रेडिओच्या डायलची दोरी ओवत बसले होते.

"जर्मेनियमचा," ते म्हणाले.

"ते मला माहीत आहे."

"मग विचारता कशाला?"

अभिनंदन आरवाडेनं खांद्यावरची पिशवी मांडीवर घेतली. पुण्याच्या एका कारखान्यात तो सर्किटं तपासायचा. त्याच्या सहीशिवाय तिथून माल बाहेर पडत नसे. असली उत्तरं ऐकायची त्याला सवय नव्हती. पण तीन महिन्यांत तो चौथ्यांदा इथे आला होता, आणि दुसरीकडे जायला जागा उरली नव्हती.

त्याचा धाकटा भाऊ श्रेणिक गिटार वाजवायचा. रेडिओची कामं शिकायला म्हणून तो या दुकानात येऊन बसायचा, आणि इथेच त्यानं स्वतःच्या हातानं एक फझ पेडल बनवलं होतं. पत्र्याची डबी, आत जुन्या रेडिओतले दोन ट्रान्झिस्टर, वाटाण्याएवढे. गिटारचा स्वच्छ सूर त्या डबीत शिरला की फाटून, गुरगुरत बाहेर पडायचा.

सव्वा वर्षापूर्वी श्रेणिक तापानं गेला. चार दिवसांत. एकोणतीस वर्षांचा होता.

अभिनंदननं पिशवीतून एकेक करत सात डब्या काढून टेबलावर मांडल्या.

"सात बनवली, वस्ताद. त्याच्या वहीतलं सर्किट जसंच्या तसं उतरवलं. एकातही तो आवाज येत नाही."

"त्याचं मूळचं कुठे आहे?"

"ते बिघडलं."

"कोणी बिघडवलं?"

अभिनंदननं सातही डब्या सरळ रेषेत लावल्या. पुन्हा लावल्या.

"खरखर करत होतं ते," तो शेवटी म्हणाला. "मी उघडलं. ट्रान्झिस्टर मोजले. दोन्ही गळके होते. बंद असतानाही करंट सोडत होते. असला भाग कुणी ठेवतं का? मी ते काढून चांगले घातले."

"आणि जुने?"

"...कचऱ्यात गेले."

वस्तादांनी दोरी खाली ठेवली.

"त्याला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी," अभिनंदन सांगू लागला, "आई म्हणाली, त्याचं ते एकदा लाव. रोज संध्याकाळी स्वयंपाक करताना ती ऐकायची. त्याच्या मित्राला बोलावलं, त्यानं श्रेणिकचीच गिटार वाजवली. आईनं दोन मिनिटं ऐकलं. म्हणाली, हे श्रेणिकचं नव्हे. मी म्हटलं, अगं, तेच पेडल आहे. तर म्हणाली..."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मग तू त्याला काय केलंस?"

अभिनंदननं कडेची एक डबी उचलली, पुन्हा ठेवली.

"तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. घरी आलो की ताट वाढते. बोलत नाही."

वस्ताद उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. मागच्या फळीवरून त्यांनी एका रेडिओचा सांगाडा काढला आणि फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली.

"श्रेणिकनं याच्यातले दोन काढले होते," ते म्हणाले. "दोन राहिलेत."

अभिनंदनचा हात आपसूक खिशातल्या मीटरकडे गेला. वस्तादांनी भाग सुटे करून दिले, त्यानं मोजले.

"हेही गळके आहेत."

"हो."

वस्तादांनी सातांपैकी एक डबी उघडली, आतले ट्रान्झिस्टर काढले आणि हे बसवले. वायर अँप्लिफायरला जोडली. श्रेणिकची गिटार अभिनंदननं बरोबर आणलीच होती. त्यानं एक तार छेडली. पौषातली गार सकाळ होती. आवाज पातळ आला, कडक, काचेवर नख ओढल्यासारखा.

"ऊब लागली की जर्मेनियम बदलतं," वस्ताद म्हणाले. "तुम्हाला ठाऊक असेल."

"ठाऊक आहे."

"मी सोल्डरिंग आयर्न हळूहळू जवळ नेतो. आवाज बदलत जाईल. श्रेणिकचा आला की थांबा म्हणा. तिथे रेझिस्टर जुळवून तोच आवाज कायमचा बांधून देतो."

"आणि मी म्हटलंच नाही तर?"

"तर मी पुढे जात राहीन. फार तापला की भाग मरतो. मग माझ्याकडे दुसरे नाहीत."

"मला कळेल," अभिनंदन म्हणाला.

वस्तादांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग आयर्न तापायला लावलं.

अभिनंदननं मीटरच्या दोन्ही सुया सर्किटला लावल्या. साडेचार व्होल्ट. असल्या पेडलचा आवाज तिथेच बरोबर लागतो, सगळी पुस्तकं तेच सांगत होती. तिथे आलं की थांबवायचं. उजव्या हातानं तो एकच तार छेडत राहिला, डोळे आकड्यांवर.

आयर्न जवळ आलं. पातळपणा गेला. आवाज जाड झाला, मग त्याच्या कडा फाटायला लागल्या. आकडे उतरत होते, पण सारखे मागेपुढे उड्या मारत होते. अभिनंदन पुढे वाकला. मधे काही क्षण आकडे जागच्या जागी राहिले, पण साडेचारला नव्हते. तो वाट पाहत राहिला. पुन्हा उतरले. आवाज घरघरला, तुटक झाला, एखाद्यानं बोलता बोलता श्वास घ्यायला थांबावं तसा...

मग नुसती तार वाजली. लाकडावर. अँप्लिफायरमधून काहीच आलं नाही.

त्यानं पुन्हा छेडली. पुन्हा.

वस्तादांनी आयर्न स्टँडवर ठेवलं.

"निवू द्या," अभिनंदन म्हणाला. "निवला की येईल."

दोघं थांबले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. अभिनंदननं भागावर बोट टेकवून पाहिलं. गार झाला होता. त्यानं तार छेडली.

काही नाही.

"गेला," वस्ताद म्हणाले. "कुठे होता तो आवाज?"

"साडेचारच्या..." अभिनंदननं वाक्य सोडून दिलं. गिटार त्याच्या मांडीवरून घसरत होती, ती त्यानं दोन्ही हातांनी धरली. "मला कळलं नाही, वस्ताद."

वस्तादांनी आयर्नची वायर काढली.

"आमच्या खोल्यांच्या मधे एक भिंत होती. तो वाजवायला बसला की मी दार लावून घ्यायचो. एकदाही... मी त्याच्यासमोर बसून एकदाही ऐकलं नाही. आता आईला काय सांगू मी?"

वस्तादांनी मेलेला ट्रान्झिस्टर चिमट्यानं काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

अभिनंदननं मूठ मिटली. त्याचा आवाज चढला नाही.

"तुम्ही तर त्याला रोज ऐकायचात. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही तरी थांबायचं."

"मधे तुमचे आकडे हलायचे थांबले ना, तेव्हा मी थांबलो होतो."