मथुराआत्याचा चर

फार वर्षं झाली या गोष्टीला. नदीकाठच्या आमच्या गावात तेव्हा नुकताच कालवा आला होता, आणि शेतकीचं कॉलेज शिकून एकच माणूस गावात परतलं होतं. ती मथुराआत्या थोरवे. वडील गेल्यावर त्यांची नदीलगतची जमीन ती कसायला लागली.

तिला काय येत नव्हतं? जनावराचा आजार ती ओळखायची, हवेचा अंदाज सांगायची, सातबारा वाचून द्यायची. मातीची चिमूट जिभेवर ठेवून शेत कोणाचं ते सांगायची, असं म्हणतात. चाळीस गावांची माणसं तिच्या ओसरीवर यायची. आत्याला जेवायला दुपार उलटायची, पण तिनं कोणाला माघारी धाडलं नाही.

कालव्याच्या पाण्यावर ऊस माजला. मग काही वर्षांनी शेतांत पांढरे डाग उठले. आत्यानं माती चाखली आणि थुंकली.

"खार वर येतोय," ती म्हणाली. "पाणी निम्मं करा आणि खालून चर काढा."

दौलू पाटलाला ते पटलं नाही. "आत्या, आमचे आजे-पणजे पाण्यावाचून गेले. आता पाणी बांधाला आलंय आणि तू तोडायला सांगतेस?"

"पाणी द्यायचं आपण शिकलो, दौलू. काढून द्यायचं शिकलो नाही."

चर नदीपर्यंत न्यायचा तर तो आत्याच्याच शेताच्या मधोमध जाणार होता. तिथं तिचा गहू उभा होता. गहू काढून झाला आणि दुसऱ्याच दिवशी तिनं खोरं घातलं. एकटीनं. माणसं तरीही यायचीच, काठावर उभी राहून विचारायची, "आत्या, मिरचीची पानं वळली, काय करू?" ती खणता खणता उत्तर द्यायची. सात वर्षं खणली, असं म्हणतात. तळहाताच्या रेषा पुसून गेल्या. मातीच्या चवीनं जीभ अशी मेली, की भाकरी गोड की खारट तेही तिला कळेना.

पाचव्या वर्षी दौलू पाटलाच्या रानात गवतही उगवलं नाही. तेव्हा तो खोरं घेऊन आला आणि चरात उतरला. मग गाव उतरलं.

सातव्या वर्षी चर वरच्या शिवाराला भिडला. पाणी सुटलं ते ताकासारखं पांढरं, आणि दोन दिवस तसंच वाहिलं. दुसऱ्या दिवशी सांजेला आत्या पाण्यात पाय सोडून काठावर बसली.

"मी दमले रे," ती दौलूला म्हणाली. "आज काही विचारू नका."

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी नितळ झालं. माणसं तिला सांगायला गेली. आत्या बसल्या जागीच गेली होती.

आता आमच्याकडे घरटी कोणीतरी शिकलेलं आहे. मातीचा अहवाल मोबाइलवर येतो. पण दर वैशाखात गाव चर उपसतं, आणि त्या वर्षी शेतकीची पदवी घेऊन जो कोणी येईल, मुलगा असो की मुलगी, त्यानं पहिलं उतरायचं. हार नाही, भाषण नाही. हातात खोरं देतात. दिवस कलता तो चिखलानं माखून वर येतो, तेव्हा त्याला कोणी काही विचारत नाही. बाया त्याला पाणी देतात, पाठीवरचा गाळ पुसतात, आणि बसायला काठावर जागा करून देतात.